दोन वर्षं की तीन? आधी कॅलक्युलसची साखळी मोजा

सनीव्हेलहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलगा १९ वर्षांचा आहे. गेल्या सप्टेंबरपासून डी अँझा कॉलेजात जातो, पुढे कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. पहिल्या वर्षात ४४ युनिट (क्रेडिट) झाली. प्रीकॅलक्युलसचे दोन्ही कोर्स, मग स्प्रिंगमध्ये कॅलक्युलसचा पहिला कोर्स (बी मिळाला), इंग्रजीचा पहिला, प्रोग्रॅमिंगचा पहिला आणि बाकी इतिहास वगैरे. जीपीए ३.४. आठवड्याला १५ तास दुकानात कामही करतो. त्याला येत्या नोव्हेंबरमध्येच यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) अर्ज करायचा आहे, कारण शाळेतले मित्र थेट यूसीत गेले आणि हा मागे पडला असं त्याच्या मनाने घेतलंय. काउन्सेलर म्हणतात, तिसरं वर्ष थांब. त्यातच दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाने आत्ताच प्रवेश देऊ केला आहे, वर थोडी स्कॉलरशिपही. पुण्याहून फोन आला की एकच प्रश्न असतो, 'अजून त्याच कॉलेजात?' आम्ही काय करावं? वर्ष फुकट जाईल का?"

ताई, आमचं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्याने तिसरं वर्ष डी अँझातच काढावं आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अर्ज करावा. फक्त एका बाबतीत हे मत बदलू शकतं. ती बाब व्हिसाची, तिच्याकडे शेवटी येतो.

पुण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्याकडे डिप्लोमा झालेला मुलगा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. डिप्लोमा पूर्ण झाला, टक्के लागले, गुणवत्ता यादी लागली, की प्रवेश. नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असतं: ठरलेली वर्षं, मग पुढची पायरी. कॅलिफोर्नियात डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे पदवीची सुरुवातीची वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजातून, विद्यापीठात जाताना वर्षं कोणी मोजत नाही. तिथे दोन गोष्टी बघतात, युनिट किती झाली आणि निवडलेल्या मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) लागणारे कोर्स कोणते झाले. युनिट भरली तर अर्ज करता येतो. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या मेजरमध्ये प्रवेश मिळणं मात्र त्या कोर्सवर ठरतं. तुमचा मुलगा या दोघांची गल्लत करतोय असं वाटतं, आणि अशी गल्लत फार जणांची होते.

यूसीची किमान अट अशी आहे की, फॉलमध्ये जायचं तर त्याआधीच्या स्प्रिंगअखेर यूसीला चालणारी ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे डी अँझासारख्या क्वार्टरच्या (साधारण तीन महिन्यांच्या सत्राच्या) हिशेबाने ९०, पूर्ण असावीत. त्यात इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर विषयांचे चार, असे सात कोर्स सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडने झालेले असावेत. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला जीपीए किमान २.४ लागतो. ४४ युनिट हातात असताना पुढच्या जूनपर्यंत ९० गाठणं सहज शक्य आहे. म्हणून मुलाला वाटतं, झालं की!

आता त्याच्या मेजरची साखळी मांडून बघा. यूसीच्या बहुतेक कॅम्पसना कॉम्प्युटर सायन्ससाठी साधारण हे लागतं: कॅलक्युलसची पूर्ण मालिका (डी अँझात चार क्वार्टर), लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ, प्रोग्रॅमिंगपासून डेटा स्ट्रक्चरपर्यंतचे तीन कोर्स आणि बऱ्याच ठिकाणी कॅलक्युलसवर आधारलेलं फिजिक्स. यातला जवळपास प्रत्येक कोर्स आधीच्या कोर्सवर उभा आहे. कॅलक्युलसचा दुसरा झाल्याशिवाय तिसरा घेता येत नाही, आणि पहिला झाल्याशिवाय फिजिक्सला हात लावता येत नाही. मुलगा प्रीकॅलक्युलसपासून सुरू झाला, त्यामुळे पहिल्या वर्षातल्या दोन क्वार्टर तिथे गेल्या. यात त्याची काही चूक नाही. पण दोन वर्षांचा आराखडा पहिल्याच फॉलमध्ये कॅलक्युलस घेणाऱ्याला गृहीत धरून केलेला असतो, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षात सगळं बसवायचं तर काय होतं ते बघा. फॉल, विंटर, स्प्रिंग या तीन क्वार्टरमध्ये कॅलक्युलसचे उरलेले तीन कोर्स, प्रत्येकी ५ युनिट. फिजिक्सचे तीन, प्रत्येकी ६. प्रोग्रॅमिंगचे दोन, प्रत्येकी साडेचार. डिस्क्रीट मॅथ ५, दुसरं इंग्रजी ५. एखाद्या क्वार्टरला हे २० युनिटच्या वर जातं. एका क्वार्टर युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला साधारण ३ तास लागतात, म्हणजे ६० तास. त्यावर दुकानाचे १५. एवढं करूनही लिनिअर अल्जिब्रा आणि फिजिक्सचा शेवटचा कोर्स राहतोच. ते समरमध्ये करू म्हणाल, तर जाण्याआधीचं समर धरू नका. तयारी स्प्रिंगअखेर झालेली असावी, अशीच बहुतेक कॅम्पसची अपेक्षा असते.

याहून मोठी अडचण नोव्हेंबरची आहे, आणि ती घरात कोणाच्या लक्षात येत नाही. यूसीचा अर्ज ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये भरतात. त्या वेळी फॉल क्वार्टर चालू असते, तिच्या ग्रेड आलेल्या नसतात. म्हणजे येत्या नोव्हेंबरमध्ये त्याने अर्ज केला, तर वाचणाऱ्याला गणितात प्रीकॅलक्युलस आणि कॅलक्युलसचा एक कोर्स दिसेल, बी ग्रेडसह. प्रोग्रॅमिंगचा एक. फिजिक्स शून्य. बाकी सगळं 'चालू आहे' किंवा 'घेणार आहे' या रकान्यात. जानेवारीत फॉलच्या ग्रेड कळवता येतात, आणि त्या कळवायच्याच असतात, पण त्याने एका क्वार्टरची भर पडते, बस. त्याच अर्जाशेजारी कॅलक्युलस पूर्ण केलेल्या, डेटा स्ट्रक्चरमध्ये ए मिळवलेल्या मुलीचा अर्ज असेल. तुमचा मुलगा तिच्याइतकाच हुशार असू शकतो. पण ते कागदावर यायला त्याला अजून तीन क्वार्टर हव्या आहेत.

तिसऱ्या वर्षाचा आराखडा असा असू शकतो. या समरला जागा मिळाली तर इंग्रजीचा दुसरा कोर्स. दुसऱ्या वर्षी फॉलमध्ये कॅलक्युलसचा दुसरा, प्रोग्रॅमिंगचा दुसरा आणि एखादा साधा विषय. विंटरमध्ये कॅलक्युलसचा तिसरा, फिजिक्सचा पहिला, डेटा स्ट्रक्चर. ही त्या वर्षातली सर्वांत जड क्वार्टर असेल, १५.५ युनिट, तेव्हा दुकानाचे तास कमी करावेत. स्प्रिंगमध्ये कॅलक्युलसचा चौथा आणि फिजिक्सचा दुसरा. तिसऱ्या वर्षी फॉलमध्ये लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ, फिजिक्सचा तिसरा. विंटर आणि स्प्रिंगमध्ये उरलेलं. म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अर्जात पूर्ण कॅलक्युलस, डेटा स्ट्रक्चर आणि निम्मं फिजिक्स ग्रेडसकट दिसेल. फक्त प्रत्येक कोर्स कोणत्या क्वार्टरला असतो ते आधी तपासा. काही कोर्स वर्षातून एकदाच उघडतात, आणि तसा एक जरी चुकला तरी साखळी तीन महिन्यांनी नाही, वर्षाने लांबते.

हा आराखडा आमच्या सांगण्यावरून पक्का करू नका. असिस्ट डॉट ऑर्ग हे कॅलिफोर्नियाचं अधिकृत संकेतस्थळ आहे. डी अँझाचा कोणता कोर्स कोणत्या यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कॅम्पसच्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा, ते तिथे मेजरनुसार दिलेलं असतं. मुलाने चार-पाच कॅम्पस निवडावेत आणि एका कागदावर तक्ता आखावा: आडव्या ओळीत कोर्स, उभ्या रकान्यात कॅम्पस. जो कोर्स सगळ्यांना लागतो तो आधी घ्यायचा. एकाच कॅम्पसला लागणारा शेवटी, किंवा त्या कॅम्पसचा विचारच सोडून द्यायचा. तिथे वाचताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. कोर्सांमध्ये 'अँड' लिहिलेलं असेल तर ते सगळे मिळूनच बरोबरी धरतात, अर्धे केले तर पदरात काही पडेलच असं नाही. आणि तुमच्या कॉलेजात बरोबरीचा कोर्स नाही असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, तो तिकडे गेल्यावर करायचा असतो.

'अँड'चा हा नियम तुमच्या दुसऱ्या पर्यायावर, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठावर, थेट परिणाम करतो. डी अँझा क्वार्टर पद्धतीचं आहे. तीन क्वार्टर म्हणजे दोन सेमिस्टर, म्हणून एक क्वार्टर युनिट दोन-तृतीयांश सेमिस्टर युनिटाइतकं. मुलाची ४४ युनिट सेमिस्टरवाल्या विद्यापीठात २९.३ होतात. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ठरायला बऱ्याच ठिकाणी ३० लागतात, म्हणजे कागदोपत्री तो अगदी काठावर पहिल्याच वर्षात राहू शकतो. त्याहून वाईट गोष्ट कॅलक्युलसची. क्वार्टरचा पहिला कोर्स सेमिस्टरच्या पहिल्या कोर्सएवढा भरत नाही, तेव्हा तिकडे गेल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ येऊ शकते. गणित आणि फिजिक्सच्या मालिका जिथे सुरू केल्या तिथेच संपवाव्यात, मध्ये तोडू नयेत, हे आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

त्या विद्यापीठाला थेट नकार कळवण्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट लेखी मागा: प्रत्येक कोर्सचं मूल्यमापन. '२९ क्रेडिट स्वीकारले' या वाक्याला फारसा अर्थ नसतो. ते क्रेडिट मेजरमध्ये धरले की नुसते ऐच्छिक म्हणून, ते विचारायचं. स्कॉलरशिप वजा करून चार वर्षांचा (तीन नव्हे) खर्च काढा आणि परराज्याची फी धरून काढा. आम्हाला वाटतं तो आकडा बघितल्यावर हा पर्याय आपोआपच मागे पडेल.

पैशांचंही बोलू. डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. वर्षाला ४५ युनिट घेतली तर १,३९५ डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि पुस्तकं. कॉलेजच्या प्रॉमिस योजनेत पूर्णवेळ नव्या विद्यार्थ्यांना मिळणारी फीमाफी पहिल्या दोन वर्षांपुरती असते, तेव्हा तिसऱ्या वर्षी ही रक्कम तुम्हाला भरावी लागेल असं धरून चाला. यूसीत नुसती शिक्षण फी वर्षाला १५,००० डॉलरच्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं. लिनिअर अल्जिब्रा आणि फिजिक्स तिकडे जाऊन करायचं म्हणजे तेच कोर्स दहापट दराने करणं. आणि ते राहिले म्हणून पदवी एक-दोन क्वार्टर लांबली, तर 'वाचवलेलं' वर्ष तिकडेच जातं. तेव्हा वर्ष फुकट जाईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: अपुऱ्या तयारीने लवकर गेला तर जाण्याची शक्यता जास्त.

मुलगा एक पळवाट सुचवेल, बहुतेक जण सुचवतात: "आत्ता मॅथ किंवा दुसऱ्या सोप्या मेजरमध्ये शिरतो, मग आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला बदलतो." हे करू देऊ नका. यूसीच्या अनेक कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सच्या जागा मर्यादित आहेत आणि आतून बदलून घेणं अतिशय कठीण, काही ठिकाणी जवळजवळ बंद आहे. त्याला मॅथ खरंच आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

हमीचा मार्गही आहे, तो नीट समजून घ्या. टॅग नावाची योजना यूसीच्या सहा कॅम्पसवर चालते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस अँजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये करायचा, एकाच कॅम्पसला. तोवर ४५ क्वार्टर युनिट झालेली लागतात, शिवाय प्रत्येक कॅम्पसचा जीपीए आणि मेजरच्या अटी वेगळ्या. कॉम्प्युटर सायन्ससाठी त्या कडक असतात आणि काही कॅम्पस हे मेजर टॅगमध्ये घेतच नाहीत, तेव्हा त्या वर्षीचा तक्ता बघूनच कॅम्पस निवडा. टॅग मिळाला तरी नोव्हेंबरचा नेहमीचा अर्ज भरावाच लागतो. तो न भरल्याने हमी गमावणारे विद्यार्थी असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. टॅग एका कॅम्पसला आणि नेहमीचा अर्ज बाकी तीन-चार कॅम्पसना, असं दोन्ही करता येतं.

सीएसयूपैकी सॅन होजे स्टेटलाही अर्ज करायला लावा. सनीव्हेलहून घरी राहून जाता येतं, आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्या तिथल्या इंजिनिअरांना चांगल्या ओळखतात. सीएसयूसाठीही ६० सेमिस्टर युनिट लागतात, पण तिथे चार कोर्स अडवतात: इंग्रजी लेखन, भाषण, चिकित्सक विचार आणि गणित. यातला भाषणाचा कोर्स कॉम्प्युटरवाल्या मुलांच्या यादीत हटकून राहून जातो. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या हलक्या क्वार्टरला तो टाका. सामान्य शिक्षणाची जी ठरलेली यादी आहे (आयजेट्सीच्या जागी आता कॅल-गेट्सी, ११ कोर्स), ती यूसीसाठी मेजरच्या कोर्सांना मागे ढकलून पूर्ण करू नये. राहिलेले सामान्य विषय तिकडे जाऊन करता येतात, राहिलेलं कॅलक्युलस प्रवेशच अडवतं.

जीपीएबद्दल. ३.४ वाईट नाही, पण कॉम्प्युटर सायन्ससाठी वर जायला हवा, आणि तो वर जायला जागा आहे ती गणित-प्रोग्रॅमिंगच्या पुढच्या सहा-सात कोर्सांत. सी किंवा वरची ग्रेड मिळालेला कोर्स पुन्हा करता येत नाही, म्हणून कॅलक्युलसचा तो बी आता कायमचा. डी किंवा एफ आला तरच पुन्हा करता येतो. एखादा कोर्स हाताबाहेर चालला तर मुदतीत डब्ल्यू (ग्रेडऐवजी कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन सोडावा, पण तोही एक प्रयत्न म्हणून मोजला जातो, हे लक्षात ठेवून. याच कारणाने तिसऱ्या वर्षानंतर 'जीपीए सुधारायला' चौथं वर्ष काढू नका. ९० युनिटवर ३.२ असलेल्याने आणखी १५ युनिटमध्ये सगळे ए मिळवले तरी तो ३.३१ पर्यंतच येतो. साखळी संपली की निघायचं.

हेच पत्र इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजी करणाऱ्या मुलीबद्दल असतं तर आम्ही दोन वर्षांतच जा म्हणालो असतो. तिथे आधीचे कोर्स चार-पाच असतात, साखळी लांब नसते.

आता व्हिसा. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मुलगा नागरिक असेल किंवा ग्रीन कार्ड हातात असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण तो तुमच्या एच-वनवर अवलंबून, म्हणजे एच-४ वर असेल, तर २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो आणि शिकत राहायचं तर बहुधा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे कॅलिफोर्नियाचा रहिवासी धरत नाहीत. यूसीत रहिवासी नसलेल्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३०,००० डॉलरहून जास्त वरकड भरावी लागते. तिसरं वर्ष थांबल्याने त्याचा एकविसावा वाढदिवस यूसीत जाण्याआधी येत असेल, तर फीचं सगळं गणित उलटू शकतं. अशा वेळी आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा आणि ज्या कॅम्पसला जायचं त्याच्या रहिवास कार्यालयाला लेखी विचारा. हे या महिन्यातच करा. उत्तर प्रतिकूल आलं तर सीएसयू किंवा वेगळं मेजर घेऊन दोन वर्षांत जाण्याचा विचार आम्हीही गंभीरपणे करू.

मुलाच्या मनात जे चाललंय त्याबद्दल एकच सांगावंसं वाटतं. मित्र तिसऱ्या वर्षाला जाणार आणि आपण अजून डी अँझात, हे एकोणिसाव्या वर्षी खरंच टोचतं, त्याला 'काही नाही होत' म्हणून उडवू नका. पण त्याला हे माहीत असू द्या की यूसी दर दोन फ्रेशमनमागे (थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर विद्यार्थी (दुसऱ्या कॉलेजातून येणारा) घेण्याचं धोरण ठेवते, आणि पदवीच्या कागदावर कम्युनिटी कॉलेजचं नाव नसतं. तक्ता त्यालाच आखू द्या. काउन्सेलरच्या भेटीला तोच कागद घेऊन त्याने एकट्याने जावं.

जाता जाता कागदपत्रांचं. शाळेत असताना एखाद्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळी कोर्स केला असेल, भले त्यात डब्ल्यू असला तरी, अर्जात तो दाखवावाच लागतो. लपवल्याचं नंतर उघडं झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. आणि एप्रिलमध्ये प्रवेश आल्यावर स्प्रिंगचा एखादा कोर्स परस्पर सोडायचा नाही. आधी कॅम्पसला कळवायचं, सगळ्यांत सी किंवा वर ठेवायचा, आणि सगळ्या कॉलेजांची अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत तिकडे पोचेल असं बघायचं. डी अँझाची स्प्रिंग जूनअखेर संपते, ग्रेड लागायला थोडे दिवस जातात. म्हणून ग्रेड लागल्याबरोबर ट्रान्सक्रिप्ट निघेल अशी मागणी स्प्रिंग संपण्याआधीच नोंदवून ठेवा.